रत्नागिरी शहरात दोन दिवस थांबण्यासारखे काय आहे?

प्रश्न (ठाणेकर)

नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी, पत्नी, आठवीत शिकणारी मुलगी आणि बाहत्तर वर्षांची आई असे चौघे ठाण्याहून रेल्वेने रत्नागिरीला येत आहोत. शुक्रवारी दुपारी पोहोचायचे आणि सोमवारी दुपारच्या गाडीने परत निघायचे, म्हणजे दोन पूर्ण आणि दोन अर्धे दिवस हाताशी आहेत. ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी बहुतेकांनी एकच सल्ला दिला, की स्टेशनवर उतरताच गाडी करून सरळ गणपतीपुळे गाठावे, कारण रत्नागिरी शहरात पाहण्यासारखे काही नाही. हा सल्ला मला पटत नाही, परंतु तो खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही.

न पटण्याचे कारण सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर येथे येऊन गेलो होतो. एका दिवसात नऊ ठिकाणे दाखवण्याचे त्यांनी कबूल केले होते आणि तो शब्द त्यांनी पाळला: किल्ला बसच्या खिडकीतून दाखवला, थिबा राजवाडा फाटकाबाहेरून दाखवला (त्या दिवशी तो बंद असतो हे आयोजकांना तेथे पोहोचल्यावर कळले), आणि समुद्र दाखवला तो भर दुपारी, जेव्हा वाळूवर पाय टेकवत नव्हता. घरी आल्यावर मुलीला एवढेच आठवत होते की तिला बस लागली होती.

या वेळी ठिकाणे कमी झाली तरी चालतील, पण जी पाहू ती नीट पाहावीत अशी इच्छा आहे. आईचे गुडघे दुखतात. ती सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालू शकते, पायऱ्या मात्र मोजूनच. टिळकांचे जन्मस्थान आणि पावसचे स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर या दोन गोष्टी तिच्या मनात फार वर्षांपासून आहेत. मुलीने ब्रह्मदेशच्या राजाबद्दल कुठेतरी वाचले असून, इतक्या लांबच्या राजाला इंग्रजांनी नेमके रत्नागिरीतच का आणून ठेवले, या तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलेले नाही. मुक्काम शहरात करावा की गणपतीपुळ्यास, रत्नदुर्गावर आईला नेता येईल का, आणि सोमवारी सकाळी गाडीच्या आधी राजवाडा उरकता येईल का, याबद्दल माहीतगारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

उत्तर (खाडीपलीकडचा)

मी भाट्याच्या बाजूला राहतो, म्हणजे काजळी नदीच्या मुखाशी, त्यामुळे शहर रोज खाडीपलीकडून पाहतो. शहरात पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणणारे लोक बहुधा भलत्या वेळी आलेले असतात. आपल्याला भर दुपारी समुद्र दाखवणाऱ्यांचे तेच चुकले. किनाऱ्यावरच्या गावात घड्याळाच्या जोडीने भरती-ओहोटीही पाहावी लागते, आणि ती पाहायला मोबाइलसुद्धा लागत नाही. आमच्याकडे जुना हिशेब असा आहे, की त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरावेत, म्हणजे सव्वाअकरा येतात. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, एवढेच या हिशेबामागचे इंगित आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तेवढेच लांब ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार बेताचा. आपल्या तारखांच्या तिथी कळवल्यात तर वेळा काढून देतो.

आता जागांकडे येतो. मांडवीचा किनारा शहराला अगदी लागून आहे आणि त्याला लोक काळा समुद्र म्हणतात, कारण तेथील वाळू खरोखरच काळी आहे. अनेकांना ती मळलेली वाटते आणि ते नाक मुरडून परत फिरतात. ही वाळू इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट अशा जड, लोहयुक्त खनिजांमुळे काळी दिसते. मुलीबरोबर एखादे साधे चुंबक द्या. कोरड्या वाळूवरून ते फिरवले की मॅग्नेटाइटचे बारीक कण केसाळ सुरवंटासारखे त्याला चिकटून उभे राहतात, आणि हा प्रयोग पाहायला आजूबाजूची चार पोरे हमखास गोळा होतात. संध्याकाळी येथे भेळवाले, घोडागाडी, कुटुंबे अशी जत्रा असते; शांतता हवी असेल तर मांडवी नको, पण शहर कसे राहते ते पाहायचे असेल तर तिच्याइतकी चांगली जागा नाही.

काळ्या समुद्राचा भाऊ म्हणजे मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. नाव ऐकून त्याच्या शोधात जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. तेथील किनाऱ्याची इतकी धूप झाली आहे, की वाळूपेक्षा संरक्षक बंधाऱ्याचे दगडच अधिक दिसतात. २०२० च्या निसर्ग वादळात एक मोठे जहाज तेथे येऊन अडकले होते आणि नंतर बराच काळ लोक ते पाहायलाच मिऱ्यावर जात असत.

रत्नदुर्ग मात्र चुकवू नये. तीन बाजूंना समुद्र आणि घोड्याच्या नालेसारखा आकार असलेला हा किल्ला सुमारे १२० एकरांवर पसरला आहे. बालेकिल्ला, पेठ किल्ला आणि दीपगृहाची टेकडी असे त्याचे वेगवेगळे भाग आहेत. मुळात बहामनी काळातला हा किल्ला आदिलशाहीकडून १६७० साली शिवाजी महाराजांनी घेतला. बालेकिल्ल्यात भगवतीचे मंदिर असल्यामुळे गावात तो भगवतीचा किल्ला म्हणूनच ओळखला जातो, आणि रिक्षावाल्याला हेच नाव सांगितलेले बरे. वाहन बालेकिल्ल्याखालपर्यंत जाते. त्यापुढे पायऱ्या आहेत, पण चढ फार मोठा नाही. आपल्या मातोश्री सकाळच्या गारव्यात मध्ये एकदा बसून मंदिरापर्यंत सहज पोहोचतील असे मला वाटते. मंदिरातून बाहेर पडून तटावर उभे राहिले की खाली मिरकरवाड्याचे बंदर दिसते, आणि नौकांचे रंग, त्यांवरचे झेंडे, बर्फाने भरलेले ट्रक हे सारे वरून पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही.

मिरकरवाड्यात खाली उतरायचे असेल तर सकाळी लवकर जावे. मासळी उतरते, लिलाव होतो, आणि आकडे इतक्या भराभर पुकारले जातात की नवख्याला माल कोणी घेतला हेच उमगत नाही. जुनी चप्पल घालावी, लिलावाच्या वाटेत उभे राहू नये आणि कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. ते लोक कामावर आहेत. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्यामुळे डिसेंबरात बंदर भरलेले मिळेल. बांगडा, सुरमई सर्वांनाच ठाऊक असते. जेवताना मुडदुशी मिळत असेल तर ती मागावी, आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके असेल तर मग पुढचे काही मागूच नये.

उत्तर (निवृत्त इतिहास शिक्षिका)

आपल्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, कारण तीस वर्षे शिकवताना तो मला क्वचितच कोणी विचारला. रत्नागिरीतली मुलेसुद्धा राजवाडा गृहीत धरूनच मोठी होतात.

थिबा राजा १८७८ साली मंडालेच्या गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात त्याचा पराभव झाला, आणि त्याला राणी सुपायालात हिच्यासह आधी मद्रासला नेऊन पुढे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. त्या वेळी तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. रत्नागिरीच का, याचे उत्तर नकाशात आहे. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र, रेल्वे नाही, आणि मुंबईहून येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद. ज्याला जगापासून तोडून ठेवायचे त्याच्यासाठी याहून सोयीचे जिल्ह्याचे ठिकाण सरकारला मिळाले नसते. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली, यावरून त्या काळच्या एकटेपणाची कल्पना यावी. आपण येताना उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा ओलांडाल, तेव्हा मुलीला हे जरूर सांगा. जे डोंगर आपली गाडी काही मिनिटांत पोखरून जाते, तेच डोंगर त्या कैद्याच्या तुरुंगाची भिंत होते. याच इंग्रजांनी १८५७ नंतर दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला पाठवले होते, आणि तो तेथेच १८६२ मध्ये वारला. आपला बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा आपल्याकडे, असा हा हिशेब आहे.

राजवाडा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की तो १९१० मध्ये पूर्ण झाला आणि थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. म्हणजे रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी सहाच वर्षे तो या वास्तूत राहिला. आधीची सारी वर्षे सरकारने दिलेल्या बंगल्यांत गेली. एवढा भव्य वाडा दिला म्हणजे राजाला मानाने वागवले, असा जो समज फाटकातून आत शिरताना होतो, तो या हिशेबाने जरा हलतो. वास्तू तीन मजली आहे, उतरत्या छपरांची, जांभ्याच्या आणि विटांच्या बांधणीची. आत गेल्यावर मान वर करून खिडक्यांच्या माथ्यावरचे अर्धवर्तुळाकार लाकडी नक्षीकाम पाहावे, कारण ब्रह्मदेशाची आठवण जर कोठे राहिली असेल तर ती तेथे आहे. बाकीचा वाडा कोणत्याही इंग्रजी अमलातल्या मोठ्या इमारतीसारखाच आहे. दिवाणखान्याची फरशी संगमरवरी आहे. तळमजल्यावर वस्तुसंग्रहालय आहे. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, आणि हेही त्याला अपवाद नाही. तेव्हा आपली सोमवारची योजना बदलावी, नाहीतर पुन्हा फाटकच पाहावे लागेल.

राजवाड्याइतकेच, किंबहुना अधिक, मी थिब्याच्या समाधीकडे जायला सांगेन. ती शिवाजीनगर भागात वस्तीच्या मधोमध आहे. शेजारी घरे आहेत, गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात, आणि त्या सगळ्यात राजाची आणि त्याच्या धाकट्या राणीची समाधी. सुपायालात राणी १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली, पण तिला मंडालेला जाऊ दिले नाही. ती रंगूनला राहिली आणि १९२५ मध्ये वारली. थोरली राजकन्या मात्र शेवटी रत्नागिरीतच राहिली, येथेच संसार केला आणि १९४७ मध्ये येथेच गेली. राजघराण्याचे रक्त या गावात मिसळले ते असे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीच्या दर्शनाला आले होते, तेव्हा आमच्या गावाला आपल्याकडे काय आहे याची थोडी जाणीव झाली.

टिळकांचे जन्मस्थान टिळक आळीत आहे आणि आपल्या आईंना तेथे काहीच त्रास होणार नाही. कौलारू छपराचे साधे कोकणी घर आहे. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, आणि १८६६ मध्ये त्यांची बदली झाल्यावर कुटुंब पुण्याला गेले. आत छायाचित्रे आणि माहितीफलक आहेत, ते अर्ध्या तासात पाहून होतात. परंतु दहा मिनिटे त्या जागेत नुसते बसावे असे मला वाटते. दुपारी कौलांतल्या काचेतून उन्हाची तिरीप जमिनीवर उतरते, आणि आपल्या आईंच्या पिढीला असे घर ओळखीचे वाटेल.

तेथून जवळच पतितपावन मंदिर आहे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत मुक्त प्रवेश असलेले हे मंदिर त्यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये उभे राहिले. खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. त्यांचा जन्म रत्नागिरीतल्या गरीब भंडारी कुटुंबातला, आणि पुढे ते मुंबईत मोठे कंत्राटदार झाले. देऊळ म्हणून ते साधे वाटेल. त्याचा दरवाजा कोणासाठी उघडला गेला हे कळले तरच तेथे जाण्याला अर्थ आहे. थिबा आणि सावरकर हे दोघेही या गावी स्वेच्छेने आलेले नव्हते. मला रत्नागिरी अशी ठेवलेल्या माणसांचे गाव वाटते, आणि हा धागा धरून फिरले तर मुलीला सनावळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

उत्तर (पुळ्याचा वारकरी)

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी मी विरुद्ध मत नोंदवतो. सोबत वयस्कर आई असताना शहरातला मुक्काम मी टाळेन. शहरातली बरीच हॉटेले वर्दळीच्या रस्त्यांवर आहेत, चढ-उतार पुष्कळ आहेत, आणि जागोजागी रिक्षा करावी लागते. गणपतीपुळ्यास मुक्काम केला तर पहाटेच्या आरतीला आई चालत जाऊ शकतात, आणि खोलीतून बाहेर पडले की समोर समुद्र. तेथून मालगुंडला कवी केशवसुतांच्या जन्मघरी उभारलेले स्मारक अगदी जवळ आहे, आणि पुढे जयगडचा किल्ला व कऱ्हाटेश्वराचे मंदिर आहे. राजवाड्याबद्दल बोलायचे तर मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मला रिकाम्या खोल्यांपलीकडे काही दिसले नाही. सर्वांनाच रिकाम्या खोल्यांत इतिहास दिसतो असे नाही.

उत्तर (निवृत्त इतिहास शिक्षिका)

रिकाम्या खोल्यांबद्दलची तक्रार मला मान्य आहे. राजाच्या वापरातल्या वस्तू फारशा उरलेल्या नाहीत आणि मांडणीही अधिक चांगली करता येईल. म्हणूनच आत शिरण्याआधी मुलीला गोष्ट सांगून ठेवावी; ती तिला तेथे कोणी सांगणार नाही.

ठाणेकर

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारची चूक वेळेवर लक्षात आणून दिल्याबद्दल बाईंचे विशेष आभार. मी तीच चूक स्वखर्चाने पुन्हा करणार होतो. पंचांग पाहिले. शुक्रवारी दशमी आहे, शनिवारी एकादशी आणि रविवारी द्वादशी. गणपतीपुळ्याचे दर्शन आईला हवेच आहे, पण तेथे मुक्काम केला तर पावस अगदी उलट दिशेला पडते, असे नकाशावरून दिसते. चारही दिवस गाडीतच जातील की काय, अशी शंका येते. मुलीने वेगळीच मागणी पुढे केली आहे: तिला कातळशिल्पे पाहायची आहेत. ती शहराच्या जवळपास आहेत का?

उत्तर (सड्यावरचा)

आहेत, आणि मुलीने मागितली याचा आनंद झाला. रत्नागिरी तालुक्यात उक्षी आणि जांभरुण येथे, आणि दक्षिणेस राजापूर तालुक्यात कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, रुंढे तळी अशा ठिकाणी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, ही चित्रे कोरलेली आहेत. या जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाल्या. उक्षीचा हत्ती पाहण्यास सर्वांत सोपा आहे: त्याच्याभोवती दगडी कुंपण आणि वरून पाहण्यासाठी चौथरा केलेला असल्यामुळे चित्रावर पाय न देता ते पूर्ण दिसते. कशेळीचा हत्ती त्याच्याहून अवाढव्य आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची पुष्कळ चित्रे आहेत; परंतु तो दूर आहे, आणि त्यासाठी पूर्णगडावरून पुढे जाऊन कनकादित्याचे मंदिरही पाहायचे असा वेगळा दिवस काढलेला बरा.

वेळेचे महत्त्व येथेही आहे, मात्र भरतीचे नव्हे, उन्हाचे. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना कोरलेल्या रेषा कातळात विरघळून जातात आणि माणूस चित्रावर उभा राहून चित्र कुठे आहे असे विचारतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर तिरपे ऊन पडते, खाचांमध्ये सावली भरते, आणि आधी एक पाय, मग पाठीची रेघ, मग सोंड असे करत पूर्ण आकार उलगडतो. मुलीला तो स्वतः शोधू द्यावा. आधी फोटो दाखवू नये. रेषा उठून दिसाव्यात म्हणून काही जण त्यांत खडू भरतात किंवा काठीने माती उकरतात, ते कृपया कोणी करत असेल तर थांबवावे. सड्यावर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी लागेल. आईंना गाडीतच बसावे लागेल असे नाही, पण कातळ ओबडधोबड असतो, तेव्हा काठी असावी.

उत्तर (खाडीपलीकडचा)

तिथी कळल्या, आता हिशेब सांगतो. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला आणि द्वादशीला नऊला, सकाळी. संध्याकाळची भरती त्याच सुमारास, थोडी उशिरा. म्हणजे तिन्ही दिवस दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान पूर्ण ओहोटी असेल, आणि चार-साडेचारला आपण किनाऱ्यावर पोहोचाल तेव्हा पाणी परतू लागलेले असले तरी ओली, घट्ट वाळू भरपूर असेल. आईंना चालायला तीच चांगली; कोरड्या वाळूत पाय रुतून गुडघे अधिक दुखतात.

माझ्या मते मुक्काम शहरातच ठेवावा, कारण आपल्याला उत्तरेलाही जायचे आहे आणि दक्षिणेलाही, आणि शहर बरोबर मध्ये आहे. शुक्रवारी जेवून थोडी विश्रांती घ्यावी, मग टिळक आळी आणि पतितपावन मंदिर, आणि सूर्यास्ताला मांडवी. सूर्य त्या दिवसांत सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा साडेपाचला तेथे असावे. शनिवारी उजाडताच मिरकरवाडा, तेथून वरच्यावर भगवतीचा किल्ला, आणि ऊन चढायच्या आत परत. दुपारी आई झोपल्या असताना मुलीला हवे तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातले मत्स्यालय दाखवता येईल. तेथे देवमाशाचा सांगाडा आहे, तोच खरा पाहण्यासारखा. तीनला राजवाडा, मग समाधी, आणि शेवटी थिबा पॉइंट, जेथून खाडीचे मुख, भाट्याचा पूल आणि पलीकडे सुरूचे बन अशी सगळी माझी बाजू एका नजरेत दिसते.

रविवारी सकाळी पावस. शहरापासून साधारण वीस किलोमीटर. स्वामी स्वरूपानंद १९७४ मध्ये समाधिस्थ झाले. समाधिमंदिराचा परिसर शांत आहे आणि आईंना तेथून घाईने उठवू नये, यासाठी सबंध सकाळ मोकळी ठेवावी. परतताना भाट्ये. येथे दीड किलोमीटर सरळ किनारा आहे, मागे सुरूची सावली आहे आणि टोकाला झरी विनायकाचे मंदिर. रस्त्यालगत नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ पासूनचे, पण रविवारी त्याची आशा धरू नये.

गणपतीपुळे सोमवारी ठेवावे. रविवारी तेथे गर्दी उसळते, सोमवारी पहाटे मात्र दर्शन निवांत होते. साडेसहाला निघून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गेल्यास अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे, आणि वारे येथे वरच्या वळणावर गाडी थांबवून खालचे दोन्ही किनारे पाहावेत. माझ्या लेखी या सबंध प्रवासातला तो सर्वांत सुंदर तुकडा आहे. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे, ती आईंनी टाळली तरी चालेल. मुलीला मात्र तेथील पाण्यात घोट्यापलीकडे जाऊ देऊ नये. किनारा लगेच खोल होतो, पाणी पायाखालची वाळू ओढून नेते, आणि तेथे दरवर्षी पट्टीचे पोहणारेही फसतात. अकरापर्यंत शहरात परत आलात तर जेवून गाडी आरामात मिळेल. उक्षी या वेळी बसत नाही. तेवढे पुढच्या खेपेला, आणि ती खेप एप्रिल-मेमध्ये करावी, म्हणजे हापूसही मिळेल. डिसेंबरात झाडावर फक्त मोहर असतो, तेव्हा आत्ता कोणी पेटी दाखवली तर ती घेऊ नये, आंबापोली घ्यावी.

एक राहिले. चुंबकाला आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी आणि मग ते वाळूत फिरवावे, म्हणजे पिशवी उलटी करून सोडवली की सगळी काळी वाळू तिच्यातच राहते आणि मुलीला ती घरी नेता येते. नुसते चुंबक वाळूत बुडवले, तर ते कण पुढे महिनाभर निघत नाहीत.